कालवा खोदणारे बरेच राजे

३ जून, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून शाळा बंद. म्हणजे मुलांची. घरची शाळा सुरू. मुख्याध्यापक मी, शिक्षक मी, घंटा वाजवणाराही मीच. विद्यार्थी दोन : थोरली, वय बारा, धाकटा, वय नऊ. दोघंही अजून झोपलेत. पहिलाच दिवस आहे, चालायचंच.

रंगाच्या कंपनीत आजवर गावोगाव फिरून डबे खपवले. आता कंपनीने घरून काम करायला सांगितलं आहे. म्हणजे दुकानदारांना फोन करायचे, त्यांनी उचलले नाहीत की परत करायचे. हे अकरापर्यंत आटोपतं. उरलेला दिवस मुलांच्या भवितव्यासाठी.

बायको, म्हणजे ही, दातांची डॉक्टर. तिची अट एकच. सप्टेंबरात शिक्षण खात्याच्या तपासनीस बाई घरी येणार, त्यांनी होकारार्थी मान हलवली नाही तर मुलं दुसऱ्या दिवशी शाळेत, आणि मी त्यावर चकार शब्द काढायचा नाही. मी म्हटलं, मंजूर. तोवर या घरात प्रत्येकाच्या हातात पुस्तक दिसेल. ती म्हणाली, आधी बाथरूमच्या नळाला वॉशर दिसू दे.

४ जून

अभ्यासाची खोली रंगवून घेतली. शेड आमचीच, ‘शांत सागर’. या शेडमुळे एकाग्रता वाढते असं माहितीपत्रकात छापलं आहे. (ते वाक्य मीच सुचवलं होतं, पण म्हणून खोटं ठरत नाही.)

शिवाय : काचेचं कपाट. मागे रेलणारी आरामखुर्ची, पाय वर घेता येतात अशी. जगाच्या इतिहासाचे आठ खंड, कापडी बांधणीचे. खंड कपाटात लावल्यावर खोलीला एकदम वजन आलं.

मुलांच्या हेरकथा मात्र खालच्या कप्प्यात कुलूपबंद. किल्ली माझ्या शर्टाच्या खिशात. अशा पुस्तकांनी वाचनाची गोडी लागत नाही, नुसती पुस्तकं संपतात.

५ जून

धोरण ठरलं. मुलं सांगून वाचत नाहीत, बघून वाचतात. म्हणून रोज जेवणानंतर दोन ते तीन वाचनतास. मी आरामखुर्चीत खंड पहिला घेऊन बसणार. मुलं समोर सतरंजीवर, थोर माणसांची चरित्रं घेऊन. कुणी बोलायचं नाही. त्यांनी वडिलांना वाचताना बघायचं.

खुणेला आमच्या शेड कार्डाची एक पिवळी पट्टी ठेवली. धंद्याचा धंदा, खुणेची खूण.

७ जून

सकाळी गणित. धाकट्याने विचारलं, अपूर्णांकांच्या भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा. सांगितलं, तयार उत्तरं देणं ही शाळेची पद्धत, आपली नाही. तू शोध. तो शोधतो आहे. मीही.

वाचन उत्तम. पान ३१ पर्यंत आलो. शेवटी शेवटी डोळे मिटून चिंतन केलं.

१२ जून

एक फार चांगला प्रकल्प दिला. कुठल्याही एका गोष्टीचं रोज निरीक्षण करा. मुंगी, कुंडी, ढग, काहीही. नोंदी ठेवा, निष्कर्ष काढा, तपासनीस बाईंसमोर सादर करा. मध्ये मला दाखवू नका. (तपासायला वेळ कुठून आणू?) थोरली धाकट्याकडे बघून म्हणाली, विषय सापडला. इतक्या चटकन सापडला म्हणजे बघण्याची दृष्टी आहे. ती माझी.

१३ जून

वाचन. एका राजाचं भावाशी वाकडं आहे. भाऊ नदीच्या वरच्या अंगाला बसून पाणी अडवतो. राजा चिडून कालवा खोदायला घेतो. लेखकाची पकड जबरदस्त.

२० जून

वाचन. राजा कालवा खोदायला घेतो. हा बहुधा दुसरा. ह्याच्याही भावाशी जमत नाही.

रात्री जेवताना सगळ्यांना सांगितलं की त्या काळात पाण्यावरून घराघरांत भांडणं होती. ही म्हणाली, या काळातही आहेत, नळ टपकतो आहे. धाकट्याला ठसका लागला.

२ जुलै

ही संध्याकाळी दवाखान्यातून आली आणि म्हणाली, तुझ्या गालावर खुर्चीची शिवण उमटली आहे. मी म्हटलं, एकाच बाजूला रेलून वाचलं की होतं असं. ती म्हणाली, आणि घोरलं की काय होतं? मी वाद घातला नाही. दिवसभर इतरांच्या दाढा उपटणाऱ्या माणसाकडून किती अपेक्षा करायच्या?

किल्ली आज डाव्या खिशात सापडली. मी नेहमी उजव्या खिशात ठेवतो. विसराळूपणा वाढतो आहे. मेंदूवर इतिहासाचा ताण.

९ जुलै

चौथा राजा. कालवा. भाऊ.

माझ्या लक्षात आता एक मोठी गोष्ट आली आहे आणि ती कुठल्या शाळेत शिकवत असतील असं वाटत नाही. माणसं बदलतात, पण घडतं तेच. तोच हट्ट, तेच भाऊ, तेच खोदकाम. हे मी कुणाचं ऐकून म्हणत नाही, स्वतः पानोपान वाचून म्हणतो आहे. मुलांना सांगितलं. थोरलीने लगेच लिहून घेतलं. शब्द पुन्हा एकदा सांगा, म्हणाली. सांगितले. अंगावर मूठभर मांस चढलं.

१८ जुलै

आनंदाचा दिवस. थोरली स्वतःहून म्हणाली, बाबा, वाचनतास दोन तासांचा करा ना. धाकटा म्हणाला, तीन. मला भरून आलं. आजपासून दोन ते चार. पंखा एका आकड्याने वाढवला आणि पडदा लावून घेतला, म्हणजे वाचनात व्यत्यय नको.

हिला फोन करून कळवलं. ती म्हणाली, पेशंट तोंड उघडून बसला आहे, नंतर बोलू.

३० जुलै

खुणेच्या पट्टीचा पिवळा उतरल्यासारखा वाटतो. चक्क हिरवट दिसतो आहे. कंपनीला ईमेल केला : आपला ‘पिकला आंबा’ घरातल्या घरात महिना-दोन महिन्यांत हिरवा पडतो, ही बाब गंभीर आहे. ग्राहकाच्या भिंतीवर असं झालं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

८ ऑगस्ट

कंपनीचं उत्तर. प्रयोगशाळेने शेड तपासली, दोष नाही. पट्टीचा फोटो पाठवा. पाठवायला गेलो तर पट्टी पिवळीधमक. ‘शांत सागर’ खोलीतला उजेड फसवा आहे. तसं कळवलं. त्यांनी लिहिलं, ठीक आहे, विश्रांती घ्या.

१९ ऑगस्ट

वजन वाढलं आहे. दुपारी जेवून लगेच वाचल्याने असेल.

हेरकथांच्या कप्प्यात पुस्तकांचा क्रम बदललेला दिसला. कुलूप तर शाबूत. उंदीर असता तर कुरतडली असती. विचार सोडून दिला.

सातव्या राजाने आज कालवा खोदायला घेतला. आता मी त्यांची नावं लक्षात ठेवत नाही. सगळ्यांची सारखीच आहेत.

२ सप्टेंबर

बाईंचं पत्र आलं. ११ तारखेला, सकाळी दहाला.

इथे कुणी वाचत नाही, म्हणून खरं लिहितो. वाचनाची गोडी वगैरे आहेच. पण दौऱ्याच्या नोकरीत मुलं मोठी झाली ती मला फोनवर ऐकू आली. थोरलीचे दुधाचे दात कधी पडले ते मला हिच्याकडून कळलं. आता दुपारी दोघं समोर सतरंजीवर बसलेली असतात, अगदी हाताशी. परत शाळेत गेली की घरात मी, खुर्ची आणि आठ खंड. बाईंनी मान हलवायला हवी.

१० सप्टेंबर

तयारी. मुलांना सांगितलं, बाईंनी विचारलं तर चरित्रांतली दोन-दोन उदाहरणं द्या. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मी म्हटलं, घाबरू नका, मी आहे ना.

नळाला दोरी बांधली. आता टपकत नाही, दोरीवरून ओघळतं. आवाज येत नाही.

११ सप्टेंबर, बुधवार. दुपारी १२

बाई आल्या, गेल्या. चहा घेतला. ही मुद्दाम दवाखाना उशिरा उघडायचं ठरवून घरी राहिली होती.

बाकीचं आत्ता नको. संध्याकाळी लिहीन.

११ सप्टेंबर. संध्याकाळी ६

आधी गणित झालं. धाकट्याने अपूर्णांक उलटा का करायचा ते भाकरीएवढा कागद फाडून बाईंना समजावून दिलं. मलाही समजलं. छाती फुगली. मग मीच उत्साहाने म्हटलं, आता प्रकल्प, मी स्वतः एकदाही पाहिलेला नाही, संपूर्ण मुलांचं काम. बाई म्हणाल्या, वा.

थोरलीने उभं राहून वाचलं. विषय : बाबांचं वाचन. पद्धत : बाबांना झोप लागली की खुणेची पट्टी पुन्हा पान ३१ वर ठेवणे. प्रश्न : बाबांच्या लक्षात केव्हा येईल? निरीक्षण : राजाने कालवा खोदायला घेतल्यावर बाबांना झोप लागते. एकदाही पाणी आलेलं नाही. उपप्रयोग : पिवळ्या पट्टीच्या जागी हिरवी ठेवली. बाबांनी कंपनीकडे तक्रार केली. निष्कर्ष : अजून लक्षात आलेलं नाही, प्रयोग चालू आहे. शेवटी परिशिष्ट म्हणून माझं वाक्य, माझ्याच शब्दांत : माणसं बदलतात, पण घडतं तेच.

पट्टीचं मला लागलं. पानांचं एक वेळ ठीक आहे. रंग हा माझा धंदा आहे.

ही खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. तिलाही सगळं ठाऊक होतं तर.

बाई बराच वेळ रुमालाने चष्मा पुसत होत्या. मग त्यांनी मुलांना विचारलं, मग बाबा झोपले की तुम्ही काय करायचात? धाकटा म्हणाला, वाचायचो. खिशातून किल्ली काढायची आणि हेरकथा काढायच्या, चार वाजायच्या आत परत ठेवायच्या. त्या संपल्या. मग आईने दवाखान्याशेजारच्या वाचनालयातून पुस्तकं आणून दिली, तीही संपली. मग त्याने पुस्तकांची नावं सांगायला सुरुवात केली. बाईंना थांबवावं लागलं.

सगळ्यात शेवटी बाईंनी विचारलं, शाळेत जायचं की घरीच शिकायचं? मी जमिनीकडे बघत होतो. थोरली ताडकन म्हणाली, घरी. बाई म्हणाल्या, का? ती म्हणाली, शाळेत दुपारचे दोन तास कुणी झोपत नाही.

बाईंचा शेरा : मुलांचं वाचन, निरीक्षण व मांडणी उत्कृष्ट. घरच्या शिक्षणास परवानगी. चालू पद्धतीत बदल करू नये.

१२ सप्टेंबर

परवानगी मिळाली, हे महत्त्वाचं. प्रत्येकाच्या हातात पुस्तक दिसेल म्हटलं होतं, दिसलं. पद्धत थोडी वेगळी पडली, एवढंच. हिला तसं म्हटलं. ती हो म्हणाली, आणि जाता जाता माझ्या डोक्यावर टपली मारून गेली. त्यापेक्षा भांडली असती तर बरं वाटलं असतं.

मुलांना विचारलं, मला उठवलं का नाही. धाकटा म्हणाला, तुम्ही घरी असलात की छान वाटतं, झोपलेले असलात तरी. थोरली म्हणाली, झोपलेले असलात तर जास्त. मग तिलाच वाईट वाटलं असावं. तिने माझ्या पायांवर पांघरूण घातलं. मी जागा होतो.

किल्ली कपाटालाच लावून ठेवली.

१४ सप्टेंबर

संकल्प : उद्या पान ३१ च्या पुढे जायचं. सगळं जागेपणी.

१५ सप्टेंबर, रविवार. दुपारी ३

आरामखुर्ची टाळली. स्वयंपाकघरातलं स्टूल घेतलं, त्याला पाठ नाही. तोंडावर दोनदा पाणी मारलं. नळाची दोरी सुटली, तिकडे दुर्लक्ष केलं.

राजाने कालवा खोदायला घेतला. खोदला. मजूर पळाले, नवे आणले. भाऊ चालून आला. मी जागा. आणि पान ४३ वर, चौथ्या ओळीत, पाणी आलं. खरंच आलं. भाऊ कालव्याच्या काठावर येऊन उभा राहिला आणि दोघं ओंजळीने पाणी प्यायले. मला उगीच गहिवरल्यासारखं झालं.

पान उलटलं तर चिठ्ठी. धाकट्याचं अक्षर, थोरलीने शुद्धलेखन सुधारलेलं. तारीख जूनमधली. बाबा, इथपर्यंत आलात! शाब्बास! प्रयोग संपला. आता जोरात हाक मारा. आम्ही असू तिथून धावत येऊ आणि तुम्ही आम्हाला राजाचं काय झालं ते सांगा.

उभा राहिलो. जोरात हाक मारली. परत मारली.

थोरली आतून म्हणाली, थांबा ना बाबा, ऐन रंगात आलंय. धाकट्याने पान उलटल्याचा आवाज आला.

मला फक्त पाणी आल्याचं सांगायचं होतं. थांबलो आहे. तोवर नळाचं बघतो.