हातात धरलेली सायकल

दि. ४ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुमच्या रस्त्याची बस बंद झाली आणि तू चष्म्याच्या दुकानात कामाला पायी जातेस, हे वाचून मी कपाळाला हात लावला. पुलापलीकडचं दुकान म्हणजे काय परसातला नळ आहे? म्हणून मी माझी सायकल तुला पाठवली आहे. पाठवू का, असं विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, म्हणून ती काल ट्रान्सपोर्टवाल्याच्या गाडीत चढवूनच लिहायला बसलो. मला आता ती कशाला? निवृत्त माणसाला वेळेवर कुठं पोचायचं असतं? हल्ली मी पायीच हिंडतो, संध्याकाळी चौकात मंडळींत बसतो. ती बिचारी जिन्याखाली धूळ खात होती.

आता नीट वाच. हँडल वळवून बांधलं आहे. पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरायचं, हँडल सरळ करायचं आणि मग नट आवळायचा. पायडलं काढून पिशवीत घातली आहेत. उजवं नेहमीसारखं आवळतं, डाव्याचे आटे उलटे असतात. जोर करशील तर आटे जातील, आणि मग माझ्या नावानं बोंबलू नकोस. सीट तुझ्या मापाची करून घे. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. उतरून उभं राहायला जमिनीला फक्त चवडे टेकतात, ते तसंच असतं. ब्रेकची रबरं नवी घातली आहेत.

चालवायचं काही सांगत नाही. मैदानात मी कॅरिअर सोडलं आणि तू एकटी निघालीस, तो दिवस मी अजून लोकांना सांगतो. पन्नाशीला आलीस म्हणून काय झालं, अंगात भिनलेलं जात नाही.

तुझी वहिनी आशीर्वाद सांगते. लोभ नेहमीचाच, त्यात हवा भरायची गरज पडू नये.

तुझा,
दादा


दि. १७ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सायकल पोचली. एक ओरखडा नाही. तू कापडाच्या चिंध्या इतक्या गुंडाळल्या होत्यास की सोडवताना वाटलं, आत कुणी जखमी माणूस आहे. डाव्या पायडलचं वाचूनही मी आधी सुलटंच आवळत बसले. आपल्या घराण्यात सांगितलेलं एकदा उलटं करून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही.

सीट तू म्हणालास तशी केली. सोमवारपासून तिच्यासोबतच कामावर जाते. मालकीणबाईंनी मागच्या बोळातली काचांची खोकी हलवून तिला जागा करून दिली. काउंटरवरची मुलगी तर म्हणाली की माझ्या आईला तुमच्याकडे पाठवते, ती गुडघे धरून बसलेली असते. पुलावर सकाळी नदीचा वास येतो आणि कठड्याला शेवाळाचे हिरवे ठिपके आहेत. बसमधून हे कधी दिसलं नव्हतं.

तब्येतीला जप. लोभ असू दे. सायकलीवर थोडा जास्त असला तरी मी रुसणार नाही.

तुझी,
टिटवी


दि. २६ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अ. आ. वि. वि.

शाब्बास! तुझं पत्र मी चौकात सगळ्यांना वाचून दाखवलं. कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणाला, अशी बहीण असेल तर आमच्या गोळ्या कोण घेणार? सगळे हसले. मी मात्र उगाच छाती काढून घरी आलो.

पण तू लिहितेस फार तुटक. मला सगळं हवं आहे. पुलाचा चढ बसून काढतेस की उभी राहून? उतारावर वारा समोरून येतो का? त्या उतारानं ब्रेकची रबरं झिजत असतील, बघून कळव. दर आठवड्याला लिही. माझी सायकल रस्त्यावर आहे, हे वाचलं की दिवस बरा जातो.

लोभ आहे, त्याची चेन उतरू देऊ नकोस.

दादा


दि. ९ एप्रिल

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र दादाच्या हाती लागू देऊ नकोस. तुझ्या पाया पडते.

वहिनी, मला सायकल येत नाही. कधीच आली नाही. मैदानात दादानं कॅरिअर सोडलं ते खरं, पण सोडल्याबरोबर तो टाळ्या पिटत आईला सांगायला घराकडे पळाला. मी चार हातांवर जाऊन आपटले. घरी पोचले तेव्हा तो सगळ्यांना ऐकवत होता, आणि त्याचं तोंड इतकं उजळलं होतं की गुडघा फ्रॉकखाली झाकून मी गप्प राहिले.

सायकल आली तेव्हा वाटलं, आता शिकेन. त्यानं सांगितलेल्या मापाची सीट केली आणि घरामागच्या बोळात दोनदा बसले. दोन्ही वेळा पडले. दुसऱ्यांदा शेजारचे आजोबा धावत आले आणि मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दादाला काय लिहू? म्हणून आधी मी तिच्यासोबत जाते, एवढंच लिहिलं, आणि तेच करते. हातात धरून चालवत नेते, वहिनी. रोज. पुलावरचा पहारेकरी विचारतो, पंक्चर का? मी म्हणते, हो. आता त्यालाही सवय झाली आहे. बहुतेक मी जगातली सर्वांत कमनशिबी सायकलवाली आहे, असं त्याला वाटत असेल. दुकानाच्या अलीकडच्या वळणावर मी हेल्मेट घालते आणि घंटी वाजवते, म्हणजे आत कळतं की बाई सायकलनं आल्या. लिहितानासुद्धा कान तापले आहेत.

इथवर मी सोसलं असतं. पण परवा एका म्हाताऱ्या बाईंचा चष्मा तयार झाला. त्या आपल्या मुलीकडे परगावी जायला निघाल्या होत्या, गाडी सुटायला थोडाच वेळ होता. मालकीणबाई म्हणाल्या, तुमच्याकडे सायकल आहे, तुम्हीच जा, स्टेशनवर नेऊन द्या. मी निघाले. सायकल हातात धरून पळत सुटले. ती कुठंही टेकवून मिळेल त्या वाहनात बसले असते तर पोचले असते, पण ते माझ्या डोक्यातच आलं नाही. ती सोडली तर सगळं उघडं पडेल, एवढंच डोक्यात होतं. पोचले तेव्हा गाडी गेली होती. त्या बाई जुन्या, तडा गेलेल्या चष्म्यावर गेल्या. परत येऊन मी मालकीणबाईंना सांगितलं की वाटेत पंक्चर झाली. त्यांनी मला पाणी दिलं.

दादा मागतो म्हणून दर आठवड्याला पुलाचा चढ, समोरचा वारा असं रचून लिहिते, आणि काल लिहून टाकलं की रबरं अजून नव्यासारखी आहेत. निदान ते तरी खरं आहे. मी काय करू? त्याला सांगू का? तो माझ्या पत्रांची इतकी वाट का बघतो?

लोभ असावा म्हणायलाही तोंड नाही, तरी म्हणते.

टिटवी


दि. १८ एप्रिल

चि. टिटवीस,
अ. आ. वि. वि.

तू मला खरं लिहिलंस, आता मलाही लपवता येत नाही. यांनी तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. मी ती आज मोडते.

डिसेंबरात यांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. बोलणं ठीक आहे, हातही ठीक आहे. डाव्या पायात मात्र पूर्वीचा जोर नाही. डॉक्टरांनी सांगितलं की रोज चालायचं, काठी घेऊन. चालले नाहीत तर आहे तोही जोर जाईल. काठी आणली तशी दारामागे उभी आहे. तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. म्हणतात, ज्या चौकातून मी हात सोडून सायकल मारत गेलो, तिथून तीन पायांनी जाऊ? चार महिने झाले, फाटकाबाहेर पाऊल नाही. चौकात पत्र वाचून दाखवलं म्हणून त्यांनी तुला लिहिलं ना? कुठला चौक आणि कुठली मंडळी! पत्र वाचलं ते मला, आणि भिंतीला.

तुझं पत्र आलं की खुर्चीत सरळ बसतात. पुलाचा चढ आला की हातानं हँडल धरल्यासारखं करतात. मला ते बघवत नाही, आणि ते बंद पडावं असंही वाटत नाही. मग तुला काय सांगू, सांग की नको सांगू? मला तर वाटतं, या घरात सगळे एकमेकांची लाज राखता राखता आजारी पडणार आहेत.

तुझ्यावरचा लोभ कमी झालेला नाही. पडल्यावर गुडघ्याला काही लावलंस का?

तुझी,
वहिनी


दि. २ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आज पुलाचं काही लिहिणार नाही. दादा, मला सायकल येत नाही. तू मैदानातून पळालास आणि मी पडले, इतकं साधं आहे. तू पाठवलेल्या सायकलवर मी एक दिवसही कामावर गेले नाही. मी तिला हातात धरून नेते आणि बसल्यासारखं दाखवते. त्यापायी एका म्हाताऱ्या बाईंचा चष्मा वेळेवर पोचवला नाही आणि खोटंही बोलले. काल मालकीणबाईंना खरं सांगितलं. त्या रागावल्या, ते बरं वाटलं. चष्मा आम्ही त्या म्हाताऱ्या बाईंना त्यांच्या मुलीच्या पत्त्यावर पाठवला. राहिलास तू. तुला सांगायची सगळ्यांत जास्त लाज वाटत होती, म्हणून तुला सगळ्यांत शेवटी.

माझ्यावर चिडायला तुला पूर्ण मोकळीक आहे. पण या सगळ्यात मला एक गोष्ट कळली, ती लिहिते. सायकल उजवीकडे धरून चाललं की भार तिच्यावर टाकता येतो. दमलं की दोन्ही ब्रेक दाबायचे, ती खांबासारखी उभी राहते आणि आपण तिच्यावर रेलायचं. आणि हातात सायकल असलेल्या माणसाकडे कुणी टक लावून बघत नाही, दादा. तो सावकाश चालला तरी नाही, थांबला तरी नाही. फार तर विचारतात, पंक्चर का?

सायकल परत हवी असेल तर लगेच पाठवते. आशीर्वाद देशील की नाही कळत नाही, पण वाट बघते.

टिटवी


दि. ११ जून

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण मी रुसलो होतो. आधी तुझ्यावर, मग तुझ्या वहिनीवर. तिच्या पोटात काही राहत नाही. आता डावा पाय अधू झालेल्याला सायकल ‘उजवीकडे धरून’ असं लिहिल्यावर तुला कुणी सांगितलं ते मला कळणार नाही, इतका मी अजून म्हातारा झालेलो नाही.

खरं सांगायचं तर मला आधीच कळलं होतं. रोज पुलाच्या उतारावरून जाणाऱ्याची रबरं दोन महिन्यांनी नव्यासारखी राहत नाहीत. ते वाक्य वाचलं आणि पत्र घडी करून ठेवलं. मला कळून घ्यायचंच नव्हतं. मी खुर्चीत असताना माझ्या घरातलं कुणीतरी सायकलवर असावं, एवढंच मला हवं होतं. औषधवाल्याचं बोलणं मीच रचलं होतं. बहिणीला खोटं लिहिताना मला लाज वाटली नाही. काठी हातात घ्यायची मात्र वाटली, आणि ती अजून वाटते. ती जाणार नाही असं दिसतं.

मैदानाचं वाचून फार वाईट वाटलं. त्या दिवशी तू लंगडत होतीस आणि मी तुला नाटकी म्हणून चिडवलं होतं. मागे वळून एकदा बघायला काय झालं होतं मला!

सायकल परत पाठवू नकोस. आणि मी सांगितलेली सीटची उंची सायकल येणाऱ्या माणसाची होती. न येणाऱ्यानं सीट पार खाली घ्यायची, दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकली पाहिजेत. पायडलं काढून टाक. डावं उलटं, विसरू नकोस. सपाट जागेवर बसून पायांनी जमीन रेटत जा, लहान मूल जातं तसं. पावलं आपोआप उचलली जायला लागली की पायडलं लाव. दिवसाढवळ्या कर, बोळात लपून करू नकोस. शेजारच्या आजोबांना बघायचं असेल तर बघू दे.

मंगळवारी मी खाली राहणाऱ्या शिंप्याकडून त्याची सायकल मागून घेतली. चेन बघून देतो म्हणालो. चेनला काहीही झालेलं नव्हतं. तुझ्या वहिनीला खिडकीत उभं राहायचं नाही असं बजावलं, ती उभी राहिलीच. फाटकाशी पाय लटपटला. ब्रेक दाबले, रेललो, पुन्हा निघालो. वाटेत एक-दोघं भेटले, मी मान वर केली नाही. अशा रीतीनं चौकापर्यंत गेलो. औषधवाला दुकानाच्या पायरीवर आला. इतक्या महिन्यांनी दिसलो तरी त्यानं पायाकडे बघितलं नाही. चाकाकडे बघितलं आणि विचारलं, काय, पंक्चर का?

मी म्हणालो, हो.

उद्या पुन्हा जाणार आहे. कॅरिअर मी फार लवकर सोडलं, तू लोभ सोडू नकोस.

तुझा,
दादा