आखूड नळीचा पल्ला

नगर,
९ नोव्हेंबर २०२५

ती. आजोबांना,
एंजेलाचा प्रभूच्या नावाने सलाम. वि. वि.

तुम्ही मोबाईल बंद करून ज्वारीच्या कणगीत टाकलाय असं आईने सांगितलं, म्हणून हे पत्र. माझ्या साखरपुड्यात तुम्ही भरल्या ताटावरून उठलात आणि थेट कोल्हारला निघून गेलात. पायदळात रायफल वागवलेले नोहाचे जोसेफ आजोबा सगळ्या पंगतीदेखत तुम्हाला म्हणाले, की कारबाईन म्हणजे पाय तोडलेली रायफल आणि रणगाडेवाले बसून लढाई करतात. बोलणं लागण्यासारखंच होतं. पण त्यांची खोडच तशी आहे, नोहाच्या मिशीलाही ते सोडत नाहीत.

लग्न सत्तावीस डिसेंबरला आहे. पप्पा गेले तेव्हापासून माझ्या मनात एकच आहे, चर्चमध्ये तुमचा हात धरून चालायचं. तुम्ही आला नाहीत तर मी दारातच उभी राहीन, आत पाऊल टाकणार नाही.

आणि या दोन बंदुकांमधला फरक मला एकदा नीट समजावून सांगा. शाळेत मी गणित शिकवते, बंदुकीतलं मला ओ की ठो कळत नाही. जोसेफ आजोबांना उत्तर द्यायचं तर मला काहीतरी यायला हवं ना.

राग भागवून जी माया उरेल ती पाठवा.

तुमची लाडकी,
एंजेला


कोल्हार,
१५ नोव्हेंबर

चि. एंजेला हिला,
शमुवेल आजोबाचे आशीर्वाद. पत्र पावलं. ऊस तुटून गेला, शेळीला दोन पिल्लं झाली. तब्येत बरी हाय, राग बी बरा हाय.

आता ऐक. कारबाईन काय मोडकी रायफल न्हाई, ती आखूडच घडवलेली आसती. पयली निघाली ती घोडेस्वारांसाठी, घोड्यावर बसून लांब नळी आवरंना म्हनून. आमी रणगाडेवाले त्याच घोडेस्वारांचे वारस. रायफलीची नळी लांब, गोळीला जोर मिळतो, तीनशे मीटरवरचा नेम लागतो. कारबाईन आखूड आन् हलकी. माझ्या कारबाईनीत तर पिस्तुलाचीच गोळी पडायची. तिला लांबचं जमत न्हाई, हे मी कबूल करतो. पन रणगाड्याच्या झाकनातनं रायफल घेऊन बाहेर निघायचं म्हनलं तर ती आडवी अडकती, आन् रणगाडा पेटलेला आसला तर अडकून चालत न्हाई. अडचनीच्या जागेला, जवळच्या कामाला कारबाईनच लागती. ह्यात लहानमोठं काय आलं?

लोखंडाच्या त्या भट्टीत माझी उमर गेली, ती काय नुसती बसून? हे जोसेफला सांग. मी लग्नाला येत न्हाई. चर्चात तुझ्यासंगं तुझा मामा चालंल.

तुझ्यावर माझा राग न्हाई, एवढं ध्यानात ठेव.

तुझा आजोबा,
शमुवेल


घोडेगाव,
३० नोव्हेंबर

शमुवेलराव व्याही यांना,
जोसेफचा सलाम. पोरीनं तुमचं पत्र मला वाचून दाखवलं. मी हसण्यावारी नेलं, म्हनलं झाकनबिकन सब बहाना हाय.

परवा लग्नाच्या जेवनासाठी बोकड बघायला नोहाच्या नव्या गाडीतनं बाजाराला निघालो. माझी डोईएवढी काठी तुमी पाह्यलीच हाय. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून तिच्याबिगर चार पावलं टाकता येत न्हाईत, म्हनून घरी ठेवायची सोय न्हाई. मी आत बसलो तर काठी बाहेर. काठी आत घेतली तर दार लागंना. तिरपी धरली तर नोहाला गिअर टाकता येईना. एंजेला मागं बसली हुती. ती तोंडाला ओढनी लावून खिडकीबाहेर बघत बसली. मोठ्यानं हसली आसती तर बरं झालं आसतं.

शेवटी सहादेव सुताराकडं उतरलो आन् काठी कमरेएवढी कापून घेतली. आता कुठंबी मावती. बाजारात ज्यानं त्यानं विचारलं, काठीला काय झालं. मी सांगितलं, कारबाईन हाय.

शमुवेलराव, पंगतीत बोललो ते माझं चुकलं. सगळ्यांदेखत बोललो, तर सगळ्यांदेखत मागं घेईन. पोर तुमच्याबिगर चर्चाच्या दारातनं आत यायची न्हाई, आन् आमचा नोहा आत कोटात घामाघूम हुईल. त्या दिवशीचं ताट तसंच राह्यलंय तुमचं. या आन् पुरं करा.

आपला,
जोसेफ


कोल्हार,
६ डिसेंबर

चि. एंजेला हिला,
आजोबाचे आशीर्वाद. मोबाईल कणगीतनं काढला. त्याच्या भोकात ज्वारीचा दाना बसलाय, चार्जर आत जाईना. म्हनून पत्रच.

तुझ्या जोसेफ आजोबाचं पत्र आलं. मी ते चुलीपुढं बसून दोनदा वाचलं आन् एकटाच लई हसलो. त्याला सांग, काठीचा उरलेला तुकडा टाकू नको, पिल्लं बांधायला मला खुंटी पायजे. पंगतीत काय मागं घ्यायची गरज न्हाई. माझ्या शेजारी बसून जेवला तरी पुरे.

काळा कोट उन्हात टाकलाय. बटनं लागत्यात, जरा श्वास धरावा लागतो. तुझ्या बापाची लई आठवन येती, पोरी. त्याचं काम मला करायचंय, म्हनून रातीच्या प्रार्थनेत पायाला बळ मागतो.

चर्चाच्या दारापासून नोहापर्यंत काय लांब न्हाई, तेवढं कारबाईनच्या पल्ल्यातलं हाय. तिथवर मी तुला नेतो. तिथनं पुढचं लांबचं नोहानं बघावं.

दारातच उभी राहा. मी येतोय.

तुझा आजोबा,
शमुवेल