आधी सगळ्यांच्या डाव्या भुवया

१ जुलै, सोमवार
आजपासून बदल. नववीनंतर शाळा सोडली तेव्हा सगळे म्हणाले, हिला वेळेची किंमत नाही. आता बघतील.
पार्लरमधली दुसरी खुर्ची रिकामी आहे. मालकीण ताईने सांगितलंय, महिनाअखेरपर्यंत भुवया झटपट आणि नीट करायला लागलीस तर खुर्ची तुझी. नाहीतर तिच्या भाचीची. मग मी जन्मभर केस झाडत आणि टॉवेल धूत बसायचं.
मला ती खुर्ची पाहिजेच. भुवया करताना दोऱ्याचं एक टोक दातात धरतात. दोरा दातात असला की बोलता येत नाही, आणि कोणी बोल म्हणत पण नाही. असं काम जगात दुसरं नसेल.
टाइम मॅनेजमेंटचा व्हिडिओ बघितला. उद्यापासून सुरू.

२ जुलै
अजून तीन व्हिडिओ बघितले. सुरू करायच्या आधी पूर्ण माहिती पाहिजे.

५ जुलै
टाइम टेबल केलं. लाल म्हणजे अर्जंट, पिवळा म्हणजे सुट्टी, हिरवा म्हणजे महत्त्वाचं. हिरवं स्केचपेन वाळलंय, त्यामुळे सध्या महत्त्वाचं काही नाही. आई म्हणाली, एवढ्या वेळात भांडी घासून झाली असती. तिला प्लॅनिंग कळत नाही.

९ जुलै
उशीर झाला. अलार्म बंद करून परत झोपायलासुद्धा वेळ ठेवला होता, तो कमी पडला. ताई बोलली काहीच नाही, नुसतं घड्याळाकडे बघितलं. अशी कमी बोलणारी माणसं मला आवडतात.

१४ जुलै
व्हिडिओतला कोटवाला म्हणतो, तुमचा वेळ कुठे जातो ते शोधा. शोधला. बोलण्यात जातो. ताईचा नियम आहे की बाई बसली की आधी विचारायचं, जाड ठेवू की बारीक. ते मी बंद केलंय. बाई दारात दिसली रे दिसली की दोरा दातात. एका बाईंना जाड हव्या होत्या म्हणे. मग बोलायचं ना. त्यांच्या तोंडात कुठे दोरा होता?
भाची पण शिकतेय. तोंडाचा पट्टा चालूच असतो तिचा. आज शेजारणीच्या मांजराची अख्खी गोष्ट सांगितली. तरी तिचं माझ्याआधी झालं. नीट करत नसणार.

२२ जुलै
मोठा शोध. कोटवाला म्हणतो, एकसारखी कामं एकदम उरका. बरोबरच आहे. भांड्यांना आपण आधी सगळ्यांना साबण लावतो, मग सगळ्यांना पाणी. तसंच आधी सगळ्यांच्या डाव्या भुवया, मग सगळ्यांच्या उजव्या. आजवर हे कोणाच्या डोक्यात कसं नाही आलं?

२७ जुलै, शनिवार
संधी मिळाली. ताई सामान आणायला गेलेली, भाचीला सुट्टी. तीन बायका आल्या. बँकेतल्या बाई, किराणावाली मावशी आणि माझ्या शाळेतल्या गणिताच्या बाई. दोघी खुर्च्यांवर, मावशी स्टुलावर. तिघींच्या डाव्या फटाफट झाल्या.
तेवढ्यात माझा अलार्म वाजला. सुट्टी, पिवळी. टाइम टेबल म्हणजे टाइम टेबल. आतल्या खोलीत जाऊन बसले. बाहेरून हाका येत होत्या, पण ओ द्यायची तर ओरडावं लागलं असतं. लाज वाटली.
गणिताच्या बाईंना पालकांच्या मीटिंगला जायचं होतं. एका भुवईवरच गेल्या. जाताना मावशीला सांगत होत्या, "नववीत पण ही अर्धा पेपर सोडवून उठायची."
सुट्टी संपल्यावर मावशीची उजवी करायला घेतली. आधी मी डोक्यामागे उभी होते, आता समोर, त्यामुळे बाजू फिरली. परत डावीच झाली. आता ती फार नाजूक दिसते. ते बघून बँकेतल्या बाई म्हणाल्या, माझं राहू दे गं बाळा, आणि कपाळावर केस ओढून निघाल्या.
तरी फायदाच. तिघींच्या सहा होतात, मी चारात आटपलं.

३१ जुलै
ताईने बोलावलं. मावशीने सगळं सांगितलेलं दिसतंय. वाटलं, आता माझं काही खरं नाही. पण ताई हसत सुटली. मग डोळे पुसून म्हणाली, "खुर्ची भाचीला. आणि तुला वेळेचं एवढं वेड आहे ना, तर उद्यापासून फोन तू घे. कोणाला कधी बोलवायचं ते बघ."
म्हणजे बढतीच. वेगळं डिपार्टमेंट, मी एकटी. आईने विचारलं, फोनवर बोलावं लागतं, माहितीये ना? तिला चांगलं बघवतच नाही.

१ ऑगस्ट
सकाळी फोन वाजला. वाजू दिला. परत वाजला. ताई आतून म्हणाली, उचल की गं. उचलला. एक बाई विचारत होत्या, आज भुवयांसाठी कधी येऊ.
मी "राँग नंबर" म्हणाले आणि ठेवला.
अर्धं मिनिट पण नाही लागलं. एवढं फास्ट काम माझ्या हातून आजपर्यंत झालं नव्हतं.