केंद्रात पहिला नंबर

१७ जून, सकाळी
शाळा सुरू. आजपासून रोजनिशी. संकल्प : साखर बंद. फलटणहून शाळेपर्यंत रोज सायकल. आणि मुख्य म्हणजे संकलित चाचणीत आमची जिल्हा परिषद शाळा केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांतल्या, सगळ्या शाळांत पहिली. गेल्या वर्षी शेवटून दुसरी होती. शेवटची जी होती, तिला शिक्षकच नव्हता.

सायकल पंक्चर निघाली. साखर उद्यापासून.

२४ जून
रेश्मा मॅडमशी वाद. पहिली-दुसरी त्यांच्याकडे, तिसरी-चौथी आणि मुख्याध्यापकपद माझ्याकडे. बाई गुणी, पण परीक्षेच्या विरोधात. पुण्याहून छापून आलेला एकच पेपर सगळ्या पोरांना कसा लागू पडेल, म्हणे. मी म्हटलं, थर्मामीटर सगळ्यांना एकच असतो. तर म्हणाल्या, हो ना सर, पण आपण पोरांच्या तोंडात दिवसभर थर्मामीटरच धरून ठेवलाय, त्यांनी जेवायचं कधी?

मुख्याध्यापकाने प्रत्येक गोष्टीला उत्तर द्यायचं नसतं.

८ जुलै
सराव चाचणी घेतली. निकाल आशादायक. अपवाद शिवांजली, चौथी. वडील फौजेत, आई नाही, आजी सांभाळते, अंबूबाई. पोर लाघवी. सगळ्यांच्या आधी येऊन गेटपाशी उभी. मी आलो की माझी पिशवी घेते, नको म्हटलं तरी. वाचन मात्र बैलगाडीच्या वेगाने.

गणित होतं : आजीने बारा आंबे आणले, पाच नासले, खायला किती उरले? हिचं उत्तर बारा. का गं, म्हणून विचारलं तर म्हणते, नासकं तेवढं कापून टाकायचं न् बाकीचं खायचं, आमची आजी आंबा फेकत न्हाई. रेश्मा मॅडम खो खो हसल्या आणि म्हणाल्या, पैकीच्या पैकी द्या. शून्य दिलं. उत्तरसूचीत सात आहे.

२ ऑगस्ट
खेळाचा तास बंद. गाण्याचा बंद. शनिवारची दप्तराविना शाळा आता दप्तरासह. मुलं आधी नाराज दिसायची. आता काहीच दिसत नाहीत. शिस्त आली.

शिवांजलीने विचारलं, गुरुजी, गानी कवा म्हनायची? म्हटलं, परीक्षा झाल्यावर. ती म्हणाली, कंच्या? हजरजबाबी आहे. लेखी परीक्षेत याचे मार्क नाहीत, हे दुर्दैव.

चारुशीलेने चहात साखर घातली. सौभाग्यवतीचा अपमान नको म्हणून प्यायलो.

१५ सप्टेंबर
हिशेब मांडला. सगळी वर चढली, शिवांजली आहे तिथेच. दोन्ही वर्ग मिळून मूठभर पोरं, त्यात एक खाली असलं की सरासरी बुडालीच. शेजारच्या एका शाळेत कच्ची पोरं नेमकी चाचणीच्या दिवशी आजारी पडतात, असं कानावर आलं. गैरहजर असलं की सरासरीत धरत नाहीत ना! किती हा निर्लज्जपणा. अशा शिक्षकांची कीव येते.

८ ऑक्टोबर
शिवांजलीची तब्येत मला बरी दिसत नाही.

१० ऑक्टोबर
मधल्या सुट्टीत तिला बाजूला घेतलं. अतिशय प्रेमाने सांगितलं की बाळा, चाचणीचे दिवस तू घरी आराम कर. ती म्हणाली, मला काय बी झालं न्हाई गुरुजी. मग मी शिक्षकाच्या भूमिकेत शिरलो. खोटं कशाला बोला? सरासरी समजावून सांगितली. सगळ्यांनी आणलेल्या चिंचा एकत्र केल्या आणि सारख्या वाटल्या. एकीने कमी आणल्या तर काय होईल? तिने बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, म्हंजी माज्यामुळं समद्यांचं कमी हुतंय व्हय?

पहिल्याच झटक्यात समजलं! रेश्मा मॅडमना सांगायला हवं होतं की ही पोर शिकू शकते, पद्धत हवी. पण सांगितलं नाही. काही यश मनातच ठेवावं.

१३ ऑक्टोबर
चाचणी सुरू. शिवांजली गेटपर्यंत आली होती. माझी पिशवी वर्गाच्या दारात ठेवली आणि परत गेली. जाताना पोरांना म्हणाली, नीट लिवा रं. रेश्मा मॅडमनी मला विचारलं की ती कुठे निघाली. अंगात कणकण आहे म्हणालो. बाई माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मला पेपर वाटायचे होते.

१५ ऑक्टोबर
चाचणी संपली, उद्यापासून दिवाळीची सुट्टी. शिवांजली शेवटच्या दिवशी तरी खाऊ घ्यायला येईल असं वाटलं होतं. तिचा लाडू ठेवून दिला होता. दुपारी मीच खाल्ला. साखर बंदचा विषय दिवाळीनंतर.

४ नोव्हेंबर
शाळा भरली, शिवांजली नाही. मामाकडे गेली असेल. मुलं सुट्टी लांबवतातच.

१० नोव्हेंबर
अंबूबाई शाळेत आल्या. पदराने तोंड पुसत उभ्याच. म्हणाल्या, आवं गुरुजी, पोरगी साळंला जायला मागंना. ताप हाय म्हंती, अंगाला हात लावावा तर गार. घरात बसून काय करायचं म्हणून आत्याकडं धाडली, सांगलीला. आत्याचं बाळ सांबाळती. तुमी काय बोल्लासा का तिला?

मी म्हटलं, छे छे, ती तर माझी लाडकी. हे खरंच आहे. लाडकी आहेच. अंबूबाई बरं म्हणून गेल्या. येईल. मुलं विसरतात.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळी
पहिला नंबर! केंद्रात पहिला! फलटणला सत्कार झाला. शाल, नारळ, फोटो. केंद्रप्रमुख साहेब माझ्याकडे हात करून म्हणाले की विष्णुपंतांकडून शिका. भाषणात मी म्हणालो, एकही मूल मागे राहू दिलं नाही. टाळ्या पडल्या. रेश्मा मॅडम आल्या नव्हत्या. घरी चारुशीलेने ओवाळलं आणि विचारलं की अहो, ती पिशवी घेणारी पोर किती खूश झाली असेल ना? मी म्हटलं, हो.

जेवण गेलं नाही. सत्काराला भजी जास्त झाली.

२८ नोव्हेंबर
आज पिशवी कोणी घेतली नाही. कोणी घ्यावी अशी अपेक्षाही नाही. जड नसतेच. वर्गात गाण्याचा तास पुन्हा सुरू केला, म्हणा म्हटलं, तर पोरं विचारू लागली, याला मार्क किती?

रेश्मा मॅडम म्हणाल्या, सर, तिला आणा. एवढंच. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. रविवारी जाणार. एका दिवसाचं काम. पोर मला बघितल्यावर उडी मारून निघेल.

७ डिसेंबर, सांगलीहून परतताना, एसटीत
गेला रविवार पाहुण्यांमुळे हुकला. पाहुणे नव्हते. मला भीती वाटत होती.

आत्याचं घर सापडलं. शिवांजली कडेवर बाळ घेऊन दारात आली. मला बघून इतकी हरखली की बाळाला तसंच घेऊन पाणी आणायला पळाली. पहिला प्रश्न, गुरुजी, आला का आपला नंबर? मी मान हलवली. तिने आत्याला ओरडून सांगितलं, बग आत्या, आमची साळा पयली आली, म्या सांगितलं न्हवतं? बाळाच्या हातांनी टाळ्या वाजवल्या.

मी म्हटलं, चल आता, तुला न्यायला आलोय. तिने विचारलं, म्होरली परीक्षा कवा हाय? एप्रिलमध्ये, म्हटलं. मग नगं, म्हणाली. लय कष्टानं नंबर आलाय. मी आली तर जाईल.

मी म्हटलं, जाऊ दे नंबर. मला नंबर नको, तू हवीस. हे मी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी असं बोललो असेन. ती हसली. मोठी माणसं लहानांचं मन राखायला खोटं बोलतात, तेव्हा शहाणं मूल हसतं ना, तसं. म्हणाली, आसं म्हनू नगा गुरुजी, तुमीच चिंचा वाटून दावल्या न्हवं का. मी परत परत सांगत होतो, ती परत परत माझीच समजूत काढत होती. शेवटी आत्याला म्हणाली, गुरुजी लय चांगलं हायत, माज्यासाटी स्वताचं नुकसान करून घ्याय लागल्यात.

माझी पिशवी उचलून कोपऱ्यापर्यंत आली. एका कडेवर बाळ, दुसऱ्या हातात पिशवी. रिक्षा आली तेव्हा म्हणाली, येप्रिलला बी पयला आणा.

कराड आलं. शेजारच्या माणसाने विचारलं, काय हो, बरं वाटत नाही का? मी हो म्हणालो. त्याने खिडकी उघडून दिली. मी फलटण येईपर्यंत रडणार आहे, असं दिसतंय. दोन वर्षं तिला शिकवलं, त्यातलं एवढंच तिला पक्कं समजलं, आणि मला ते तिच्या डोक्यातून काढता येत नाही. उद्या रेश्मा मॅडम गेटपाशी उभ्या असतील. त्यांना काय सांगू?