शनिवारची सही

ऋता,

युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या कोर्सच्या फॉर्मवर सही करून तो तुझ्या लॅपटॉपखाली ठेवलाय. पहिल्या कोर्समध्ये दर मंगळवारची संध्याकाळ आधीच गेली होती, आता या कोर्समध्ये दर शनिवारही गेला. ज्युनियर कॉलेजात असतानाच युनिव्हर्सिटीचं गणित तुला जमतंय, तर मी नाही कशी म्हणू? आमटी-भात गरम करून घे, बिशान स्टेशनबाहेर उभ्याने काहीतरी खाऊ नकोस.

सकाळी तू ‘मी जाते’ म्हणालीस. घरातून निघताना ‘येते’ म्हणायचं, हे तुला बालवाडीपासून शिकवलंय. टोकायला दारापर्यंत आले, तोवर लिफ्ट बंद झाली होती. सही करताना तोच शब्द डोक्यात होता.

घरी आलीस की तेवढं एकदा नीट म्हण.

मी ऑफिसला जाऊन येते.

आई