मिरवणुकीपुरता विमा

मु. पो. टॅपिओला, मिशिगन
२६ ऑगस्ट

तीर्थरूप मार्लिस आत्यास,

मिकाचा साष्टांग नमस्कार. (पाठीत उसण भरलेली असताना घातला आहे, तरी त्याची किंमत त्याप्रमाणे धरावी.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? रक्तदाब? आणि डोळे? डोळ्यांचं मी सहज विचारत नाहीये, पण ते पुढे येईल. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, निदान आज दुपारी दोनपर्यंत तरी होतो. बाबा मालवाहू बोटीवर आहेत आणि जानेवारीत तलाव गोठल्याशिवाय घरी यायचे नाहीत. आई दवाखान्यातल्या ड्युट्यांवर ड्युट्या करते आणि गाडीचं नाव काढलं की कानांवर हात ठेवते. म्हणजे घरात उरलो मी आणि आजोबा, आणि आम्ही दोघं गेले तीन महिने एकमेकांकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतोय.

फोन सोडून पत्र का लिहितोय, असं तू म्हणशील. फोनवर माझा विश्वास नाही. परवा मी फोनसमोर नुसतं 'विमा' म्हणालो, तर संध्याकाळपर्यंत सात कंपन्यांना माझं वय माहीत झालं होतं. शिवाय आजोबांचे कान अजून तिखट आहेत. कागदावर लिहिलेलं मात्र त्यांच्यापासून सुरक्षित आहे, आणि हे वाक्य मी किती जड मनाने लिहितोय ते तुला शेवटी कळेल.

तर मी गाडी घेतली. तुला हे आधीच कळलं नसेल तर मला नवल वाटेल, कारण टॅपिओलात एखाद्याने नवं फावडं घेतलं तरी तुझ्या डुलुथपर्यंत बातमी जाते. १९७१ सालची प्लिमथ डस्टर, नारिंगी, दोन दारांची, आठ सिलिंडरची. सुरू केली की आमच्या कपाटातल्या बशा वाजायला लागतात. तीन हिवाळे लोकांच्या छपरांवरचा बर्फ उपसून पैसे साठवले होते (उसण तिथलीच). लॉरियमचे एक निवृत्त दंतवैद्य आहेत, हॉकिंग म्हणून, त्यांनी ती विकायला काढली होती. किंमत ऐकली आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. एवढ्या पैशांत ही गाडी कोण देतो? बरं, गंज म्हणावा तर औषधाला नाही. ज्या मुलखात सहा महिने रस्त्यावर मीठ ओततात तिथे पन्नास वर्षांच्या गाडीला गंज नाही, म्हणजे एक तर दैवी कृपा, नाही तर वर पुट्टी आणि रंग. आजोबा म्हणाले, मोज्यात लोहचुंबक घालून घे. पुट्टी असेल तिथे चुंबक धरत नाही, आणि मोजा असला की रंगावर ओरखडा येत नाही. आम्ही दोघं तासभर त्या गाडीभोवती मोजा फिरवत होतो आणि हॉकिंगसाहेब पायरीवरून आमच्याकडे बघत होते. चुंबक जिथे लावावं तिथे घट्ट चिकटत होतं, त्यामुळे माझा संशय आणखी वाढला. मग त्यांनी आम्हांला कॉफी आणि वेलदोड्याचा पाव दिला. आजोबा माझ्या कानात म्हणाले, 'दाताचा डॉक्टर गोड खायला घालतोय, सांभाळ.'

गाडीत खोट निघाली नाही. (अजून निघालेली नाही. मी शोधतोय.) खोट निघाली माझ्या वयात. मी वीस वर्षांचा. विम्याच्या बाईंनी फोनवर आकडा सांगितला तेव्हा मला वाटलं त्या गाडीची किंमत विचारताहेत, म्हणून मी म्हणालो, नाही हो, याच्या निम्म्यात मिळाली. त्या म्हणाल्या, हा वर्षाचा हप्ता आहे. जुन्या गाड्यांचा वेगळा, स्वस्त विमा असतो, पण त्याच्या अटी एखाद्या खाष्ट सासूने घातल्यासारख्या: मालक किमान पंचविसाचा हवा, रोजच्या वापराला त्याची दुसरी गाडी हवी, गॅरेजला कुलूप हवं, आणि ही गाडी कामाला, शाळेला किंवा बाजाराला न्यायची नाही. फक्त प्रदर्शन आणि मिरवणूक. तेव्हा आजोबा म्हणाले, मी ब्याऐंशीचा आहे, म्हणजे पंचविसाच्या तिप्पट होऊन वर उरतो, गाडी माझ्या नावावर कर. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

विम्याच्या बाई म्हणजे आपल्या ट्रेम्बाथबाई. त्यांचं घर बरोबर वाण्याच्या दुकानासमोर आहे, हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. त्यांनी आजोबांना समोर बसवून विचारलं,

"वाइनो, खरं सांगा, गाडी कोणाची?"

"माझी."

"आणि पैसे?"

"पैसे पोराचे. गाडी माझी."

"मग पोरगा काय करणार?"

"पुसणार."

बाईंनी ते तस्सं लिहून घेतलं, आणि खाली माझ्या नावापुढे लिहिलं की याने स्टिअरिंगला हात लावायचा नाही. मग आजोबांनी चौकशी सुरू केली. दूध आणायला नेली तर? नाही. चर्चला? नाही. मिरवणुकीला? खुशाल न्या. आजोबा हातातली टोपी फिरवत म्हणाले, "आणि मयतीला?" बाईंनी वरच्या कचेरीत फोन लावला. तिथून चाळीस मिनिटं संगीत ऐकू आलं, आणि शेवटी उत्तर आलं की अंत्ययात्रा रीतसर रांगेने निघत असेल तर ती मिरवणूक धरायला हरकत नाही.

आत्या, तिथून आमची दशा सुरू झाली. स्ट्रॉबेरीची जत्रा झाली, अग्निशामक दलाची फेरी झाली, चार जुलैच्या तर एका दिवसात तीन गावच्या तीन मिरवणुका झाल्या. पण मिरवणुका असून असून किती असणार? मयती मात्र बाराही महिने. आजोबा रोज सकाळी मला पेपरातल्या निधनवार्ता मोठ्याने वाचायला लावू लागले. (तुझे उच्चार सुधारतील, म्हणाले. मी विश्वास ठेवला, यावरून माझ्या संशयी स्वभावाबद्दल लोक जे बोलतात ते किती अतिरंजित आहे बघ.) कोणाची अंत्ययात्रा लांबच्या दफनभूमीत जाणार असली की आजोबांना कोण उत्साह. त्या मृतांपैकी एकालाही आम्ही ओळखत नव्हतो. काळा कोट घालायचा, नारिंगी गाडी काढायची, रांगेत घुसायचं, आणि मागाहून चर्चच्या तळघरात हॅम सँडविच आणि जेलीचं सॅलड खाऊन परत. लोकही मूर्ख नसतात. एका विधवेने सँडविचची बशी हातात धरूनच विचारलं की आमच्या ह्यांचा आणि तुमचा संबंध काय. आजोबा गंभीरपणे म्हणाले, गाडीमुळे ओळख. मेलेला माणूस जन्मभर सायकलवर फिरला होता, हे आम्हांला नंतर कळलं.

आणि मी? माझी गाडी, माझी पाठ, माझे तीन हिवाळे, आणि मी शेजारच्या सीटवर. तीन महिन्यांत एकदाही स्टिअरिंग हातात धरलेलं नाही. म्हाताऱ्याने गाडी लाटली, असं मी आईजवळ बोललोसुद्धा.

आता हिल्माबाई नावाच्या अशाच एका अनोळखी बाईंची मयत. त्या दिवशी मी रुसलो होतो, कारण गाडी सुरू करून ठेवू का म्हटलं तर आजोबांनी तेवढंही करू दिलं नाही. म्हणून वाटभर मी तोंड फिरवून माझ्या खिडकीबाहेर बघत बसलो. रांगेत आमच्यापुढे एक राखाडी व्हॅन होती. अंत्ययात्रेतल्या गाड्या दिवसाही दिवे लावून चालतात, आणि तिचे दिवे चालू होते म्हणून पोलिसाने तिला रांगेत येऊ दिलं असावं. दफनभूमीचा फाटा डावीकडे. व्हॅन उजवीकडे वळली, तिच्यामागे आम्ही वळलो, आणि आमच्यामागे शोकाकुल मंडळींच्या अकरा गाड्या वळल्या. मी मान वळवून पुढे बघितलं तेव्हा आम्ही मासेमारीचं आमिष विकणाऱ्या दुकानाच्या आवारात होतो. काळ्या कोटातली तीस माणसं एकदम उतरलेली पाहून दुकानदाराला वाटलं मत्स्यखात्याची धाड पडली, आणि त्याने न विचारताच दोन बादल्या मागच्या ओढ्यात ओतल्या. तिकडे दफनभूमीत पाद्री, पेटी आणि चार माणसं अर्धा तास ताटकळत उभी. हिल्माबाईंचा भाऊ, नव्वदीचा गृहस्थ, काठी टेकत खाली उतरला, सगळीकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "हिल्माला मासे आवडत नव्हते."

त्या व्हॅनच्या मागच्या दारावर, आत्या, हातभर अक्षरांत 'जिवंत आमिष' लिहिलेलं होतं. घरी आल्यावर मी आजोबांना विचारलं की तुम्हांला ते दिसलं नाही का. म्हणाले, मला वाटलं आडनाव असेल.

मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जुळायला लागली. मिरवणूक हळू चालते. सगळे एकाच दिशेने जातात. पुढच्याचे लाल दिवे धरून चालायचं, आणि चौकात पोलीस बाकीच्यांना थांबवून धरतो. ज्याला धड दिसत नाही त्याला यापरता सोयीचा रस्ता कुठला? खात्री करायला मी शेजारच्या किव्हेलाची टोपी मागून आणली, ती घालून फाटकाशी उभा राहिलो आणि हात हलवला. आजोबा आले, कुंपणाला टेकले आणि माझ्याशी किव्हेला समजून पाऊण तास बोलले. म्हणाले, "नातू गुणाचा आहे रे, पण फार संशयी. त्याला वाटतं मी त्याची गाडी लाटली." मी नुसती मान हलवत होतो. मला हसू यायला हवं होतं, ते काही आलं नाही.

याला आता आठ दिवस झाले. आठ दिवस मी कोणाला काही बोललो नाही. तू विचारशील का, तर खरं तेच सांगतो. आजोबांचे डोळे तपासले की लायसन जाणार, लायसन गेलं की विमा जाणार, आणि विमा गेला की गाडी विकावी लागणार. आणि मिरवणुकांच्या मोसमाचे पाच आठवडे उरले होते. मधल्या आठ दिवसांत दोन अंत्ययात्रा आणि शाळेच्या बँडची एक फेरी झाली. बँडच्या पुढे झेंडे घेऊन लहान पोरं चालतात. मी शेजारी बसून पोरं मोजत होतो. मला लाज वाटते, आत्या, आणि भीतीही वाटते. सगळ्या जगावर संशय घेत फिरलो आणि खरा लबाड शेजारच्या सीटवर बसलेला होता.

बाकी सर्व क्षेम. भोपळे चांगले धरलेत. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुझ्या मांजराला लांबूनच.

तुझा भाचा,
मिका

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण असं, की तू ये. तुझेच डोळे तपासायचे आहेत असं सांग आणि सोबत म्हणून त्यांना घेऊन जा. मी सांगितलं असं कळता कामा नये. तुझं ते ऐकतात. माझं त्यांनी ऐकायचं तर मला आधी किव्हेला व्हावं लागतं.

पुन्हा ता. क. ओघात आलं म्हणून विचारतो, दुसरा काही हेतू नाही. तू अठ्ठावन्न वर्षांची आहेस ना? तुझ्यावर आजवर एकही दंड नाही, आणि तुझ्या गॅरेजला आतून-बाहेरून कुलूप आहे (कसं कळलं ते विचारू नकोस). गाडी तुझ्या नावावर पाच वर्षं राहिली, तर मी पंचविसाचा होईन. ट्रेम्बाथबाई म्हणाल्या की तू फार योग्य आहेस. मी फक्त त्यांचं मत कळवतोय.

आणखी एक ता. क. पत्र वाचून झालं की जाळ.

चि. मार्लिस, आशीर्वाद. आता मी, तुझा बाप, लिहितो, अक्षर वेडंवाकडं येईल ते चालवून घे. हे पत्र तीन दिवस टेबलावर उघडं पडलं होतं. पोरगा म्हणतो तिकीट नाही. तिकिटं खणात आहेत, त्याला माहीत आहे. मी भिंग घेऊन रोज थोडं थोडं वाचलं.

लिहिलंय ते खरं आहे. डोळ्यांचं मला वसंतातच कळलं होतं. एक उन्हाळा मिळावा एवढंच वाटलं, ते माझं चुकलं. टोपी घालून आला तेव्हाही ओळखला, अंगाला गाडीच्या पॉलिशचा वास येतो. समोरासमोर बोलता येत नव्हतं ते त्या निमित्ताने बोलून घेतलं. गाडीची किल्ली याच पाकिटात घालतो आहे, म्हणजे पुन्हा मोह नको. तू ये, डॉक्टरकडे मी आपण होऊन येतो.

एक मात्र त्याला सांग, पण आत्ता नको, पंचविसाचा झाला की सांग. समोर काही आलं की तो नाकाने श्वास आत ओढतो, तेव्हा मी ब्रेक दाबत होतो. वळण आलं की त्याचा खांदा कलतो, तेव्हा मी वळत होतो. हिल्माच्या दिवशी तो रुसून बाहेर बघत बसला, म्हणून तेवढं चुकलं. एकदाही गाडी चालवली नाही म्हणून तो हळहळतो. उन्हाळाभर ती त्यानेच चालवली. हातपाय तेवढे माझे होते.