घरचं डुक्कर

थाकदादा,

आईच्या वर्षश्राद्धाला तू घरचं डुक्कर कापणार आहेस, असं वहिनीने फोनवर कौतुकाने सांगितलं. विकायच्या डुकरांना खाद्यातून औषध, आणि आपल्या खाण्यासाठी कुंपणापलीकडे कोंड्यावर आणि केळीच्या खुंटांवर वाढवलेलं एक वेगळं. आपल्या गावात सगळेच असं करतात, तुला एकट्याला काय बोलू?

पण विकायच्या डुकरांची शेड रोज आई धुवायची, उघड्या हातांनी. कान थो शहरातल्या मोठ्या इस्पितळात तिच्या रक्तातल्या जंतूंवर शेवटचं औषधही चाललं नाही, तेव्हा तू डॉक्टरीणबाईंवर चढलास. "अहो, माझ्या आईने जन्मात एक गोळी गिळली नाही. मग औषध लागू का पडत नाही?"

त्या म्हणाल्या, "त्यांनी नाही गिळलं, तुमच्या डुकरांनी गिळलं, हेच औषध. त्यांच्या पोटातले जंतू त्याला पुरून उरायला शिकले आणि ती विद्या दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देऊन बसले. जंतू आपलं-परकं बघत नाहीत."

तू मान खाली घातलीस. मला वाटलं, कळलं तुला. तेरावं उरकलं आणि तू कुंपण हातभर उंच केलंस.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तू म्हणशील, "आईला मी कधी विकायचं मांस खाऊ घातलं नाही." आणि ते खरंच आहे.

शेड आता वहिनी धुते म्हणे.

तुझी धाकटी,
दिएप